डीपी जळाली, त्याची जागतिक चर्चा

१५ नोव्हेंबर १९९९, सोमवार
शनिवारी दुपारी आमच्या आनंदबन कॉलनीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आधी धूर, मग धडाम, मग बेचाळीस घरांची लाइट गुल. लाइट ऑफिसात सगळे जाऊन आले. उत्तर एकच, "नवी डीपी आली की बसवू." कधी येणार? "आली की."

अशाने देश कसा पुढे जाणार? मी एकावन्न वर्षं सहन केलं. आता नाही. बसस्टँडजवळच्या नासीरने आपल्या एसटीडी बूथमागे सायबर कॅफे टाकला आहे. तीन कॉम्प्युटर आणि स्वतःचा जनरेटर. आजपासून माझा लढा इंटरनेटवरून.

सौ. पुष्पाची घरघंटी बंद. ओट्यावर लोकांच्या दळणाचे डबे रांगेत. ती म्हणाली, "अहो, उद्या ऑफिसला दांडी मारा आणि डीपी मिळेपर्यंत लाइट ऑफिसात जाऊन बसा." तिला समजावलं की तिथे फार तर एक कारकून ऐकेल, इंटरनेटवर जग ऐकेल. तिने विचारलं, "जगाकडे डीपी आहे का?"
शिक्षण कमी पडतं.

संकल्प: रोज एक तास इंटरनेट. भाषा संयमी. डीपी आठ दिवसांत.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
'मराठी चव्हाटा' नावाच्या इंटरनेट मंडळाचा सभासद झालो. दोनशे बारा मराठी माणसं, बरीचशी अमेरिकेत. तिथे प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं असतं. मी 'खान्देशसिंह' घेतलं. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावी लागते. 'लोकशाहीचा अंधार' हे अकरा पानी पत्र टाकलं. बोटं दुखली.

उद्या गर्दी उसळेल.

१७ नोव्हेंबर
एकच उत्तर. टोरांटोच्या कुणी 'ठाणेकर'ने लिहिलं, "कृपया ओरडू नका."
मी तर तोंडही उघडलेलं नाही. नासीरला विचारलं. तो म्हणाला, "लीलाधरभाऊ, सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिलं तर इंटरनेटवर ओरडणं समजतात." छान! ऑफिसात सव्वीस वर्षं कॅपिटलमध्ये टाइप केलं, कधी कुणाचे कान दुखले नाहीत.

१८ नोव्हेंबर
उत्तर नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळी, कॅफेतून
उत्तर नाही. पाऊण तास पडद्याकडे बघत बसलो. नासीरने स्वतःहून चहा दिला.

त्याच दिवशी, अर्ध्या तासाने
उत्तर आलं!! 'रावेरकर शिकागो' नावाचे गृहस्थ. "भाऊ, तुमचं पत्र वाचून डोळे उघडले. लिहीत राहा." मूळचे रावेरचे, आता शिकागोत. म्हणजे आपला माणूस! शिकागोत तेव्हा मध्यरात्र असणार, तरी बिचारा माझ्यासाठी जागा. नासीरला ओरडून सांगितलं. तो एक नंबरच्या कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होता. मान वर न करता म्हणाला, "मुबारक हो, भाऊ."

नासीरही मूळचा रावेरचाच. मोठी माणसं देणारा तालुका आहे.

२२ नोव्हेंबर
मोठी खळबळ. माझ्या पत्रावर तीन दिवसांत त्रेसष्ट निरोप!
विषय थोडा सरकला आहे. ठाणेकराने विचारलं की 'डीपी' हा मराठी शब्द आहे का. सॅन होजेचे एक डॉक्टर म्हणाले, योग्य शब्द 'रोहित्र'. दोन पक्ष पडले. आधी मी डीपीवाल्यांत होतो, पण रोहित्रवाल्यांमध्ये शिकलेली माणसं जास्त दिसली. मी बाजू बदलली आणि डीपीवाल्यांना मातृभाषेचे मारेकरी म्हटलं. संयम राखूनच. लहान अक्षरांत.

सॅन होजेचे डॉक्टर रागावून मंडळ कायमचं सोडून गेले. निरोपाचं पत्र दोन पानी. दोन तासांनी परत आले, कुणी 'जाऊ नका' म्हटलं का ते बघायला. कुणीच म्हटलं नव्हतं. मग पुन्हा सोडून गेले.

सौ.ने विचारलं, डीपीचं काय झालं? म्हटलं, चर्चा निर्णायक वळणावर आहे.

२३ नोव्हेंबर
वायरमन निंबा कॉलनीत दिसला. सायकल थांबवून मी खडसावलं, "आमचं रोहित्र कुठे आहे?"
तो घाबरून म्हणाला, "साहेब, मी कालच रजेवरून आलोय. कोण रोहित्र? कधीपासून गायब आहे?"
सौ.ने मध्ये पडून डीपी म्हणून सांगितलं. तो म्हणाला, दोन डीपी स्टोअरला आल्या आहेत. कुठल्या कॉलनीला द्यायच्या ते इंजिनियर साहेबांच्या हातात. उद्या चार माणसं घेऊन भेटा.

उद्या जमणार नाही. उद्या ठाणेकराला उत्तर द्यायचंय.

२७ नोव्हेंबर, शनिवार
आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक आहे, १२ डिसेंबरला. जुने नगरसेवक वारले. आज एका उमेदवाराचा कार्यकर्ता, पंडित, वही-पेन घेऊन दारात. "भाऊ, कॉलनीची अडचण सांगा. निवडणुकीआधी करून टाकू."

मी म्हटलं, "सगळं सविस्तर इंटरनेटवर मांडलंय. उमेदवाराला तिथे यायला सांगा. उत्तर जगासमोर द्यावं लागेल." आणि कागदावर चव्हाट्याचा पत्ता लिहून दिला. डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू, पुढे सगळं.
पंडितने कागद दोनदा वाचला. आदराने विचारलं, "ही गल्ली नशिराबाद रोडला येते का?"
मी हसलो. तो गेला.

स्वयंपाकघरातून सौ.ने सगळं ऐकलं होतं. तिने ताट जोरात ठेवलं.

२९ नोव्हेंबर
कॉलनीची सभा घेतली. ठराव: डीपी नाही तर मत नाही. पूर्ण बहिष्कार! हजेरी: मी, शिंपीकाम करणारे नूर महंमद, आणि एसटीतून रिटायर झालेले झुलाल आबा. आबा पिंपळनेरचे. पाऊण तास माझं भाषण ऐकून, सगळं पटल्यासारखी मान हलवत अहिराणीत म्हणाले, "भाऊ, बठ्ठं खरं शे. पन तुमना इंटरनेटमा दिवा लागस का?"
नूर महंमद शिलाई मशीन पायाने चालवतात. त्यांना डीपीची तितकी गरज नाही, पण त्यांनी हात वर केला. नंतर कळलं, ते पडदा सरकवत होते.
ठराव एकमताने मंजूर. जगाला कळवलं. रावेरकर शिकागो: "भाऊ, तुम्ही उभे राहायला पाहिजे होतं." फॉर्मची तारीख गेली, नाहीतर विचार केला असता.

२ डिसेंबर
हद्दपारी! एकच पत्र नऊ वेळा टाकल्याबद्दल चव्हाट्याच्या संचालकाने मला सात दिवस बंद केलं. न्यू जर्सीत बसून हा माणूस जळगावच्या माणसाचा आवाज दाबतो. इतिहासात सगळ्या मोठ्या माणसांना यातून जावं लागलं.

लगेच दुसऱ्या नावाने आत शिरलो. 'सत्यवादी'. पहिलंच वाक्य: "खान्देशसिंह यांच्यासारखा विचारवंत मंडळाने गमावला, ही शरमेची गोष्ट आहे." स्वतःबद्दल लिहिताना संकोच होतो, पण सत्यवादी परका माणूस आहे, त्याला कसला संकोच. पाच मिनिटांत रावेरकर शिकागोने पाठिंबा दिला. दोघांचं छान जमलं. आता आम्ही तिघे आहोत.

५ डिसेंबर, रविवार
घरात बोलणं बंद. घरघंटी बंद होऊन बावीस दिवस झाले. डबे आता शेजारणी परत न्यायला लागल्या. ही घंटी सौ.ने स्वतःच्या हिमतीवर घेतलेली. आज तिने ती पुसून तिच्यावर चादर टाकली. मला बघवलं नाही, म्हणून कॅफेत गेलो.

६ डिसेंबर
सौ. आणि हसीनाबी, म्हणजे नूर महंमदांची बायको, एक डबा दोघींनी धरून पुढच्या गल्लीत गेल्या. इंजिनियर साहेबांच्या आईचा डबा होता. ज्वारी-उडदाचं कळण्याचं दळण. साहेबांची आई ते फक्त पुष्पाच्या घंटीवर दळून घेते. बाजारच्या चक्कीवर गव्हाचं पीठ मिसळतं आणि भाकरीची चव जाते म्हणते. येत्या रविवारी साहेबांकडे वांग्याच्या भरिताचा कार्यक्रम आहे, तीस माणसं.

सौ.ने डबा तसाच त्यांच्या ओट्यावर ठेवला. म्हणाली, "अक्का, आमच्याकडे लाइट नाही. डीपी आली की दळून देते. नाहीतर यंदा भरीत पोळीबरोबर खा."
हसीनाबी म्हणते, म्हातारीने तिथल्या तिथे मुलाला हाक मारली. पूर्ण नावाने.

बायकांची कामं बायकांना. मी सत्यवादीचं पाचवं पत्र पूर्ण केलं.

८ डिसेंबर, दुपारी
डीपी आली!!! ट्रॅक्टरवरून! वायरमन निंबा, चार माणसं, दोरखंड. सव्वातीनला लाइट. सौ.ने चादर काढली, घंटी सुरू केली, पहिलं दळण कळण्याचं. सगळी गल्ली ओट्यावर जमली. हसीनाबीने सगळ्यांना गूळ वाटला.

नोंद: सत्यवादीच्या पाचव्या पत्रानंतर बरोबर दोन दिवसांनी डीपी आली. आंतरराष्ट्रीय दबाव म्हणतात तो हाच. मी गल्लीत तसं सांगितलं. घंटीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसावं.

बहिष्कार मात्र चालूच. डीपी हा किरकोळ मुद्दा होता. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

१० डिसेंबर
आज मन ठिकाणावर नाही.

हद्दपारी संपली. विजयाचं पत्र टाकायला गेलो, तर चव्हाट्यावर संचालकाची सूचना. प्रत्येक कॉम्प्युटर कुठून बोलतो त्याचा एक नंबर असतो म्हणे. "खान्देशसिंह, सत्यवादी आणि रावेरकर शिकागो हे तिघेही एकाच ठिकाणाहून लिहितात. तिघांनाही काढून टाकलं आहे." खाली ऐंशी निरोप. सॅन होजेचे डॉक्टरही हसायला परत आले होते.

पहिले दोन ठीक. पण रावेरकर? शिकागो आणि जळगाव एका ठिकाणी कसे? तांत्रिक चूक असणार. नासीरला म्हटलं, कडक शब्दांत कळव त्यांना.

नासीरने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. म्हणाला, "भाऊ, माफ करा. तो मीच होतो."
मी विचारलं, का?
"तुम्ही पडद्याकडे बघत बसायचे. कोणीच बोलत नव्हतं तुमच्याशी. मला बघवेना."
"आणि डोळे उघडले, ते?"
"ते पत्र मी वाचलं नाही, भाऊ. अकरा पानं होती."

घरी आलो. सौ.ने विचारलं, तब्येत बरी आहे ना? बरी आहे म्हटलं. तिने ताज्या कळण्याची भाकरी वाढली. दोन खाल्ल्या.

११ डिसेंबर
रात्रभर हिशेब केला. जगातला पाठिंबा: एक. तोही आमच्या वॉर्डात राहत नाही.
पण जो आहे तो मनापासून आहे.

१२ डिसेंबर, रविवार. मतदान
सकाळी साडेसातपासून शाळेच्या फाटकाशी उभा. हातात वही. बहिष्कार करणाऱ्यांची मोजणी करायची होती. न येणारी माणसं मोजायची कशी, हा प्रश्न तिथे गेल्यावर लक्षात आला. म्हणून येणारी मोजली.

नऊ वाजता झुलाल आबा, नवी टोपी घालून. ठरावाची आठवण दिली. "तो ठराव डीपीना व्हता ना, भाऊ? डीपी तं उनी," म्हणाले आणि आत गेले. अकरा वाजता नूर महंमद. साडेअकराला सौ., हसीनाबी आणि गल्लीतल्या तेवीस बायका, रांगेने. सौ. म्हणाली, "उन्हात काय उभे आहात? आटपून घरी या, साहेबांकडून भरीत आलंय."

साडेचारपर्यंत आमच्या कॉलनीचं मतदान वॉर्डात सगळ्यात जास्त. राहिलेला एकटा मीच. तेवढ्यात पंडित धावत आला. दिवसभर मला फाटकाशी बघून त्याला वाटलं, मला पायऱ्या चढवत नाहीत. "नाना, आधी सांगायचं ना!" म्हणत त्याने माझा दंड धरला. दुसऱ्या एकाने दुसरा. पोलिसाने वाट करून दिली. इतक्या लोकांचा आग्रह मोडवेना.

शिक्का मारला. बहिष्कार मनातून चालू आहे.

१५ डिसेंबर, बुधवार
पंडितचा उमेदवार निवडून आला. सकाळी पंडित पुन्हा दारात. मी खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, "वहिनी आहेत का? नगरसेवक म्हणाले, नळाच्या पाण्याचा अर्ज पुष्पावहिनींकडून लिहून आण. त्यांचं काम पक्कं असतं."

सौ. पीठ झटकत बाहेर आली. मला म्हणाली, "तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही लिहा. दुपारी घेऊन जा म्हणावं याला."
मी तीन तास बसलो. चार पानं. सुरुवात सिंधू संस्कृतीतल्या गटारांपासून. सौ. आणि हसीनाबीने ओट्यावर बसून वाचलं आणि पेन्सिलीने काट मारत गेल्या. पहिलं पान गेलं. दुसरं, तिसरंही गेलं. चौथ्यातली दोन वाक्यं राहिली: "आमच्या कॉलनीत नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. ते एक दिवसाआड सोडावं." एवढंच नव्या कागदावर उतरवून घेतलं. खाली एकेचाळीस सह्या. शेवटी कोपऱ्यात मला जागा दिली: अर्ज लिहून देणार, लीलाधर नेहेते.

दुपारी पंडित आला. दारातच उभा राहून त्याने अर्ज वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मान हलवली आणि खिशात ठेवला.

माझं लिखाण कुणीतरी पुरतं वाचल्याची ही पहिलीच वेळ. मी घड्याळाकडे बघत होतो. सहा सेकंद लागले.