सैल केलेली तार

ताई, वेल्डरच्या गिटारची जाड तार मी गुपचूप सैल करून ठेवली. तो दिवसा वेल्डिंग करतो, माझ्याच खोलीत राहतो आणि ग्रंज गातो. म्हणजे खरखरणारी गिटार, फाटका आवाज. आई म्हणेल, गुळण्या करायला सांग त्याला. पण लोक डोळे मिटून ऐकतात. म्हणतात, "हा आमचंच दुखणं ओरडतो." मी इतकी वर्षं रियाज केला, मला नुसतं "छान."

वाटलं होतं, कालच्या कार्यक्रमात त्याची फजिती होईल. उलट सैल तारेवर गाणं आणखी जड, खोल झालं. लोक उठेनात.

माझी तब्येत बरी आहे. पोटात तेवढं दुखतं, पण ते औषधाने जाणारं नाही. आईचा गुडघा कसा आहे?

आज सकाळी त्याने गिटार माझ्या हातात दिली. "तूच केलंस ना? रोज तशीच लावून देत जा, गुरुजी." मी लावून दिली.

तुझा धाकटा