अंगावर काढलं

जानेवारी २००८, मंगळवार. मु. राहू.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज पुण्यात माझ्या गाईड सरांनी कमलमावशीला पेनाच्या एका रेघेत निरोगी करून टाकलं.

कुरकुंभला केमिकल कंपन्यांच्या मागं राहणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर मी एम.पी.एच.चा, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा, इंग्रजी प्रबंध लिहितेय. मावशी, आईची बहीण, तिथलीच. "वर्षभर खोकतेस, दवाखान्यात का गेली नाहीस?" विचारलं, तर छातीवर हात दाबून म्हणाली, "कवा जाऊ? शिफ्ट बुडती. आंगावरच काढलं." मी तेच लिहिलं. सरांनी खोडलं. म्हणाले, "उपचार घेतले नाहीत ना? मग 'आजार नाही' या रकान्यात धर. आणि या अंगावर काढण्याला इंग्रजीत शब्द नाही."

शब्द नाही म्हणून खोकलाही नाही? हा कुठला न्याय! आणि मी? "हो सर" म्हणून खाली मान घालून आले. तोंडात काय मूग होते?

घरी आईला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "आगं, समद्याच बाया आंगावर काढत्यात. त्यात ल्ह्यायचं काय?" तिच्यावरही भडकले. छातीवर दाबलेला तो हात डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि सर? माझ्यासमोर दोनदा शिंकले आणि "कणकण वाटतेय" म्हणत उद्याची रजा टाकून घरी गेले. ते आजारी. मावशी निरोगी.

खोडलेल्या जागी तोच शब्द परत लिहिलाय, मराठीतच. इंग्रजी त्यांनी शोधावं. बरे झाले की.