सहावी जागा

मलकापूर, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या ओपन सोर्स प्रकल्पावर बनलेली सहा ॲप्स वेबसाइटवर दाखवायची आहेत. पाच ठरली. सहावं गल्लीतल्या वंदनाताईंचं घ्यावं, असं मनात होतं. नळ कधी येणार ते सांगतं. पण त्यात वर्षभरात एकही बदल नाही, आणि सहा महिन्यांत बदल हवाच, हा नियम माझाच.

ताईंना फोन केला, काहीतरी बदला म्हणालो.

"बिघडलंच नाही तं बदलू काय, भाऊ?"

खरंच, काय? काऊन केला असेल मी हा नियम? तरी शेवटी दुसरंच एक चकचकीत ॲप टाकून यादी पाठवली.

मग उद्याचा नळ पाहायला ताईंचंच ॲप उघडलं. पहाटे पाच. बादल्या आताच लावून ठेवल्या.