अठरा लिटर वाटाण्याचं सूप आणि चार टायर

कुह्मो, शुक्रवार, १२ डिसेंबर

तीर्थस्वरूप आउलिक्की वन्संना, उणे अठरा अंशांतून रायलीचा नमस्कार.

तुमचं स्पेनहून आलेलं पत्र आणि सोबतचा फोटो पोचला. गुडघा आता वाकतो का? भावोजींचं घोरणं त्या नव्या उशीनं कमी झालं का? फोटोत भावोजी नुसत्या हाफचड्डीवर संत्र्याच्या झाडाखाली उभे आहेत, तो मी कौतुकानं फ्रिजवर लावला होता. पण रोज सकाळी साडेसहाला काळोखात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला जायच्या आधी तो फोटो बघवेना, म्हणून आता तो फ्रिजच्या आत लोण्याशेजारी ठेवला आहे. (भावोजींना सांगू नका. पोट मात्र त्यांचं छान तांबूस झालंय.) इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुम्ही विचारलंत, निवृत्तीनंतर इल्पोचा वेळ कसा जातो. वन्सं, तेच सांगायला बसले आहे. कॉफी भरून घ्या, गुडघा उशीवर ठेवा.

तुमचे बंधू एकतीस वर्षं नगरपालिकेत इमारत तपासनीस होते, हे तुम्हांला मी काय सांगणार? कुणाच्या घरी जेवायला गेलो तर यजमानांशी हात मिळवायच्या आधी हे जिन्याची पायरी मोजतात. जूनमध्ये निवृत्त झाले. जुलैमध्ये आमच्याच घराची तपासणी केली आणि सौनाच्या दाराबद्दल मला लेखी सूचना दिली. मी म्हटलं, चालू द्या. मग ऑगस्टमध्ये माझ्या हातून चूक झाली. हे दूध आणायला निघाले होते आणि मी खिडकीतून म्हटलं, "अहो, येताना टायरचं पण बघून या. यंदा हिवाळ्याचे नवे लागतील." एवढंच. तुमचे बंधू त्या दिवशी संध्याकाळी परत आले ते निळी फाइल घेऊन. दूध विसरले होते.

पण त्यांना नुसतं हसून चालणार नाही, कारण त्यामागे मार्चची गोष्ट आहे. तुम्हांला तेव्हा मुद्दामच कळवलं नव्हतं. मी म्हाताऱ्या हिल्याबाईंना इन्शुलिन टोचायला चालले होते (माझी रोजची फेरी चौऱ्याहत्तर किलोमीटरची, वाटेवर माणसापेक्षा रेनडियर जास्त), तर वळणावर एक रेनडियर रस्त्याच्या मधोमध उभं. मी ब्रेक मारला, आणि गाडी सरळ खड्ड्यात. मला खरचटलंसुद्धा नाही. लाकडाच्या ट्रकवाल्यानं दोन तासांनी बाहेर ओढलं, हिल्याबाईंना सुई मिळाली, रेनडियर तर जागचं हललंही नव्हतं. पण त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला मी नवे टायर मागितले होते आणि हे म्हणाले होते, "अजून एक हिवाळा सहज निघेल यांवर." मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पण तुम्हांला ठाऊक आहे, हे दाढी करताना शीळ घालतात. लग्नापासून रोज तीच एक बेसूर शीळ मी ऐकत आले. ती मार्चमध्ये थांबली. त्यामुळे दुधाऐवजी निळी फाइल आली, तेव्हा मला हसू आलं आणि दूध मीच जाऊन आणलं.

तर निवड सुरू झाली. आपल्याकडे माणसं दोनच जातींची, खिळेवाली आणि बिनखिळेवाली. टायरला बारीक लोखंडी खिळे हवेत की नुसतं मऊ रबर पुरे, यावरून भाऊ भावाशी बोलत नाही. पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीजवळचं टेबल खिळेवाल्यांचं आणि शेगडीजवळचं बिनखिळेवाल्यांचं. तुमचे बंधू निःपक्षपाती असल्यामुळे दोन्ही टेबलांवर आळीपाळीनं वेलदोड्याचा पाव खात बसले आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांचं वजन चार किलो वाढलं. खिळेवाल्यांचे पुढारी म्हणजे ताउनो कार्पिनेन, जन्मभर लाकडाचे ट्रक चालवलेले. त्यांचं म्हणणं, "नुसत्या रबरावर विश्वास ठेवायचा, तर लग्नात बोटात रबर का नाही घातलंस?" दुसऱ्या बाजूला शाळेतले गाण्याचे मास्तर हेइमो. त्यांचं म्हणणं, ताउनोची गाडी रस्त्यावरून गेली की खिळ्यांची टकटक चर्चच्या पेटीला अर्धा सूर कमी पडते, आणि त्यामुळे गावातली मुलं बेसूर गातात. हे सगळं फाइलीत नोंदवलेलं आहे.

बरं, हे गावभर झालं. मी कुणाच्या घरी जखम धुवायला गेले, की रुग्ण पाय पुढे करायच्या आधी विचारणार, "ठरलं का गं?" हिल्याबाई एक्क्याण्णव वर्षांच्या, गाडीचं चाक कधी हातात धरलं नाही. त्यासुद्धा म्हणाल्या, "खिळेच घे. माझ्या पायानं ढकलायच्या घसरगाडीला लोखंडी पट्ट्या आहेत, सत्तर वर्षांत एकदाही पडले नाही." (तीनदा पडल्या आहेत. तिन्ही वेळा उचलायला मीच होते.)

इकडे ऑक्टोबरात पहिलं बर्फ पडलं तरी निकाल लागेना. तुमच्या बंधूंनी "तात्पुरती व्यवस्था" म्हणून तेच जुने टायर माझ्या गाडीला चढवले, प्रत्येकाची झीज मोजून फाइलीत लिहिली, आणि पुन्हा टेबलांकडे गेले. वन्सं, मी तीन दिवस त्या टायरांवर गेले. चौथ्या दिवशी त्या मार्चच्या वळणावर माझे हात स्टिअरिंगवर असे घट्ट बसले, की हिल्याबाईंच्या दारात बोटं सोडवायला वेळ लागला. परत येताना मी सरळ टायरच्या दुकानात गाडी घातली. तिथली मिंत्तू, दुकान तीच चालवते, म्हणाली, "खिळे की बिनखिळे, रायलीकाकू?"

मी म्हटलं, "तू स्वतःच्या गाडीला काय लावतेस?"

"बिनखिळ्यांचे."

"मग तेच घाल."

चाळीस मिनिटं लागली, त्यात एक कप कॉफीसुद्धा झाली. जुने टायर तिथेच टाकले. मी मनात म्हटलं, घरी गेल्यावर यांना दिसेलच, तपासनीस माणूस आहे, मग सांगू. पण दिसलं नाही! एक आठवडा गेला, दोन गेले. हे रोज त्या गाडीभोवती फिरत होते. पण टायर एकदा फाइलीत गेले होते ना. फाइलीत जे आहे ते पुन्हा डोळ्यांनी बघायची त्यांच्या खात्यात पद्धत नाही. आणि मग सांगणं राहूनच गेलं. अकरा आठवडे राबलेल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमचं काम मी कॉफी पिता पिता उरकलं?

आता मुख्य प्रसंग. गेल्या गुरुवारी तुमच्या बंधूंनी अंतिम चाचणी जाहीर केली. गावच्या मैदानावरचं बर्फ दाबून गुळगुळीत केलं. तीन गाड्या: ताउनोची खिळेवाली, हेइमोंची बिनखिळेवाली, आणि "झिजलेल्या टायरांचा नमुना म्हणून" माझी. अंतर टेपनं मोजायचं नाही, कारण टेप ओढणारा माणूस कोणत्या टेबलावरचा, यावरून भांडण होईल. त्याऐवजी प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर सहा लिटर सूप, झाकणाशिवाय. गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप सगळ्यांच्या घरी शिजतंच, पण हे अठरा लिटर मी शिजवलं. गाडी ताशी चाळीसनं न्यायची, रोवलेल्या लाल झाडूपाशी ब्रेक मारायचा आणि किती सूप उरतं ते बघायचं. "माणूस खोटं बोलेल," तुमचे बंधू म्हणाले, "सूप बोलणार नाही."

पहिले ताउनो. झाडूपाशी ब्रेक मारला आणि गाडी खिळ्यानं ठोकल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. सूप मात्र उभं राहिलं नाही. ते दोन सीटांमधून पुढे आलं, निम्मं काचेवर गेलं आणि निम्मं ताउनोंच्या कॉलरमधून आत. मग हेइमो. ते अंगाई संपवावी तसा ब्रेक दाबतात. गाडी झाडूपाशी आली, झाडूला ओलांडून गेली, प्रेक्षकांना ओलांडून गेली आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगात हळूच नाक खुपसून थांबली. सूप जसंच्या तसं. हेइमोंनी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "एक थेंब नाही सांडला!"

ताउनो कॉलरमधले वाटाणे काढत म्हणाले, "अरे, पण तू थांबलास कुठे?"

"चाचणी सुपाची आहे! माझं सूप जिंकलं!"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की सूप सांडणं चांगलं की न सांडणं चांगलं, हे निळ्या फाइलीत लिहायचंच राहिलं होतं. सगळे तुमच्या बंधूंकडे बघायला लागले. ते म्हणाले, "तिसरी चाचणी झाल्यावर ठरवू," आणि माझ्या गाडीत जाऊन बसले. डोक्यात ताउनोचं जुनं हेल्मेट घातलं. टायर झिजलेले, गाडी थांबणार नाही, अशी पक्की खात्री. म्हणून लोकांना दहा मीटर मागे सारलं आणि झाडूपाशी येताच दोन्ही पायांनी, सगळ्या चार वाढीव किलोंसकट, ब्रेकवर उभे राहिले. वन्सं, गाडी थांबली. भांडं नाही थांबलं. ते सीटवरून उडून यांच्या खांद्यावरून आलं आणि मांडीत पालथं झालं.

दार उघडलं. तुमचे बंधू उतरले, भुवयांना वाटाणे, सुपात ढवळलेली मोहरीची चटणी नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, आता वाकून टायर बघतील आणि माझं बिंग फुटेल. पण हे वाकले नाहीत. हे सावकाश वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "रायली, जुने टायर तर उत्तम आहेत." मग अगदी हळू, "म्हणजे मार्चमध्ये दोष टायरांचा नव्हता."

दोष टायरांचा नव्हता म्हणजे कुणाचा, हे गावानं लगेच ताडलं. ताउनोंनी माझ्या पाठीवर थोपटलं. हेइमो म्हणाले, वयापरत्वे होतं असं. हिल्याबाईंनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की रायलीला एवढ्या लांब गाडी चालवायला लावू नका, मीच घसरगाडीवरून सुई घ्यायला येते. आणि तुमच्या बंधूंनी, अगदी प्रेमानं, माझं नाव निसरड्या रस्त्यावर गाडी चालवायच्या वर्गात घातलं आहे, उद्याच्या शनिवारी. छत्तीस वर्षं मी गाडी चालवतेय, वन्सं! माझ्या जिभेवर मिंत्तूची पावती नाचत होती. एक वाक्य, की अख्ख्या गावासमोर मी सुटले असते.

पण घरी आल्यावर हे अंघोळ करून, गुरुवार म्हणून पॅनकेक करायला चुलीपाशी उभे राहिले. आणि पहिला पॅनकेक उलटताना शीळ वाजली. तीच बेसूर. मी सांगायला तोंड उघडलं होतं, त्यात पॅनकेक घातला.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची
रायली

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे की, एप्रिलमध्ये उन्हाळी टायर चढवायला तुमचे बंधू स्वतःच्या हातानं चाकं काढतात. काढली की त्यांना कळणार. तरी कृपा करून त्यांना एप्रिलचे पहिले पंधरा दिवस तिकडे बोलावून घ्या. तुमच्या बाल्कनीचा कठडा हलतो आणि तिथल्या कुणाचा भरवसा वाटत नाही, एवढंच लिहा; टेप घेऊन धावत येतील. कठडा हलत नसेल तर भावोजींना थोडा हलवून ठेवायला सांगा. इकडचं मी आणि मिंत्तू बघून घेऊ.

दुसरा ता. क. (आज रविवार, पत्र टाकायचं राहिलं होतं.) काल वर्गाला जाऊन आले. शिकवणारी वेरा म्हणून चोवीस वर्षांची पोरगी. मी तीनदा ब्रेक मारला, तीनदा गाडी गरगरली. मी म्हटलं, रस्ताच निसरडा केलाय तुम्ही. तर म्हणते, "बाई, तुम्ही ब्रेक मारताना डोळे मिटता." मी म्हटलं, काहीतरीच काय! तिनं फोनवर काढलेलं चित्रण दाखवलं. वन्सं, मिटते. घट्ट मिटते, आणि ओठसुद्धा हलतात. मार्चमध्ये रेनडियर दिसल्यापासून खड्ड्यापर्यंतचं मला काहीच आठवत नाही, ते मी घाबरल्यामुळे असं समजत होते. म्हणजे ते बिचारे जुने टायर खरंच चांगले होते, आणि तुमचे बंधू पहिल्यापासून बरोबर होते. हे मात्र त्यांना एप्रिलमध्येच काय, कधीच कळता कामा नये. चौथ्यांदा मी डोळे उघडे ठेवून ब्रेक मारला आणि गाडी अगदी शहाण्यासारखी थांबली. पण खरं सांगू? उघड्या डोळ्यांनी ते सगळं फारच भयंकर दिसतं हो.