आठ नंबरचे बूट

पाथर्डी, ७ जुलै २०२५

चि. लंका हिस कानिफनाथदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोन उचलीत न्हाईस, म्हणून कागद धाडतोय. कंपनीच्या कॅन्टीनात घसरून तुझा डावा हात मोडला हे ऐकल्यापासून तुझ्या वहिनीला घास उतरत न्हाई. तू लहानपणापासून धसमुसळी. भर्रकन चालू नको म्हणून किती सांगितलं! आता साहेब देतोय त्या कागदावर सही कर आन् कामावर जा. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?

पायाचं माप धाड. बाजारातून चांगली चप्पल घेतो.

आमचा सगळ्यांचा जीव तुझ्यापाशी हाय.

तुझा दादा

सुपा, १२ जुलै

ती. दादास लंकाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून हातापेक्षा डोकं जास्त ठणकलं. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, आता गुमान वाच.

वीस सालं मी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाच्या फळीवर चढले. दवानं भिजलेली फळी, तरी कधी पडले का? आधी बोटं टेकवायची, त्यांनी फळी धरली की मग टाच. हीच माझी चाल. इथं मला गड्यांचे आठ नंबरचे बूट दिले. लहान मागितले तीनदा, तर म्हणे बायांचा नंबर येत न्हाई. अनवाणी दिसलं तर गेटाबाहेर. पुढं चिंध्या कोंबल्या. फरशीवर साबणाचं पाणी, हातात आमटीचं पातेलं. पाय पुढं गेला, बूट मागंच राहिला. बोटांनी धरायचं काय, चिंध्या?

आन् कागदावर काय लिहिलंय? बाई घाईनं वेडीवाकडी चालली, बूट योग्य होते. चोर सोडून संन्याशाला फाशी! सही केल्याबिगर गेट बंद. रोजी बुडती, कळतंय मला. पण तेच बूट दुसऱ्या दिवशी माझ्या जागी लावलेल्या रंगुबाईला दिले. तिचा पाय माझ्याहून बारीक हाय. मी सही केली तर तिच्या हातापायाचं पाप माझ्या माथी.

या कागदाच्या मागं पाय ठेवून भोवती रेघ मारून दिलीय. माया असू दे, पण मापात बोल.

लंका

पाथर्डी, १८ जुलै

चि. लंका हिस आशीर्वाद, वि. वि.

बाजारात चप्पलवाल्याला तुझ्या पायाचा कागद दाखवला. त्यानं चार नंबर काढला. आठ नंबर तर माझा, बाई. मी तिथंच उभा राहिलो, मला माझीच लाज वाटली. सही करू नको. घरात दाणे हायेत, लागतील तितके दिवस ये.

चुकलं माझं. राग धरू नको.

दादा

सुपा, २५ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

सही केली. ओरडू नको, पुढं वाच.

सहीसाठी आत घेतलं, तेव्हा साहेबाच्या टेबलापाशी रंगुबाईच्या पायातला बूट मागून घेतला. त्याच कागदावर ठेवून भोवती रेघ मारली. मग त्या रेघेच्या आत माझा पाय ठेवून दुसरी रेघ. पुढं दोन बोटं जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत सही केली. साहेब लालबुंद. तेवढ्यात रंगुबाईनं पुढं होऊन आपला पाय मांडला, मग बनुबाईनं. कॅन्टीनातल्या सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाला, कागदावर जागा उरली न्हाई.

मी म्हटलं, "मग दुसरा आणा."

गेट अजून उघडलं न्हाई. तू धाडलेली चप्पल मात्र पायात चपखल बसली. वहिनीला नमस्कार. लोभ हाय तसाच राहू दे, फक्त माझ्या चालण्याला पुन्हा नावं ठेवू नको.

तुझी लंका