पुडीतली चव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे नमस्कार अर्ध्यावरच अडकला आहे, उरलेला समजून घे.) तुझा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर म्हणालीस की तो आता नुसता जिना बघूनच दुखायला लागतो. माझी तब्येत बरी, म्हणजे जिला डॉक्टर बरी म्हणतात तशी.

पत्राचं कारण मुंगी. आमची नात इस्पितळात आहे. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे आणि गुरुवारी ऑपरेशन आहे. फोनवर आम्ही तुला सर्दी सांगत होतो. त्याबद्दल शेवटी लिहितो, आधी माझी फजिती ऐक.

इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाई एक अभ्यास करताहेत. अमिनो आम्लं म्हणून असतात, शरीरातली प्रथिनं त्यांचीच बनतात म्हणे. अशा ऑपरेशनात रक्तातलं त्यातलं एक घटतं आणि फुप्फुसाच्या नसा आवळतात, असा त्यांचा अंदाज. ते वरून पाजलं तर मुलं लवकर सावरतात का, हे त्यांना बघायचंय. म्हणून निम्म्या मुलांना खरी पुडी आणि निम्म्यांना नुसती भुकटी. कुणाला कोणती, हे बाईंनाही माहीत नसतं. (एवढं शिकून 'मला माहीत नाही' असं इतक्या शांतपणे सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.) मुलानं आणि सुनेनं विचार करून हो म्हटलं. मला मात्र चैन पडेना. उभा जन्म बिस्किटाच्या कारखान्यात चव बघण्यात गेला, मीठ कणभर जास्त पडलं तरी मी डोळे मिटून सांगायचो. आणि घरच्या पोरीच्या पुडीत काय आहे ते मला कळू नये?

तेव्हा नर्सनं मुंगीला औषध पाजून कप डब्यात टाकला, आणि मी तो काढून आत बोट फिरवलं. कडूजार. म्हणजे औषधच, नुसती भुकटी कशाला कडू असेल? छाती काढून बाकावर येऊन बसलो. शेजारी एका बाळाची आजी बसते, तिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. (माझ्या पोटात काही राहत नाही, हे तू लहानपणापासून गावभर सांगत आलीसच.) संध्याकाळी तिनं आपल्या नातवाचा कप चाटला आणि तोंड झाकून रडायला लागली. तिला काहीच चव लागली नाही, नुसतं पाणी. 'आम्हाला नको हा अभ्यास' म्हणून तिनं आपल्या मुलाला धरलं, मुलानं नर्सला, आणि नर्सनं मला.

बाई आल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही पुड्यांना चवच नाही. तुमच्यासारख्यांचा विचार करूनच बनवल्यात." मी म्हटलं, मला तर कडू लागलं. त्यांनी ग्लासभर पाणी पुढे केलं. प्यायलो. तेही कडू.

ताई, तुझा पोरगा गुंड्या हृदयाच्या अशाच दुखण्यानं आजारी होता तेव्हा तू रोज म्हणायचीस, पाणी कडू लागतंय. मी माठ घासला, टाकी उपसली, नळवाल्याशी भांडलो. त्याच्यासाठी तेव्हा ना ऑपरेशन होतं ना पुडी. तो गेला, आणि नंतर आपण कुणी त्याचं नावही काढलं नाही. कडूपणा टाकीत नव्हताच, हे मला काल कळलं.

त्या आजींची समजूत बाईंनी घातली. त्या आता माझ्याशी बोलतात, पण कप लपवून. आपल्यात तुझ्याहून मोठं आता कुणी उरलं नाही, तेव्हा आशीर्वाद आई-वडिलांच्याही वाटचे पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. — बिस्किटं कडवट निघाली म्हणून मागच्या आठवड्यात मी जुन्या कारखान्याला खरमरीत पत्र धाडलं होतं. आता माफीचं धाडावं लागेल.

आणखी एक ता. क. — सर्दीचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. कुणी म्हणालं, तुला सोसणार नाही. माझ्या मनात आलं, तू इथे नसलेलीच बरी, उगाच गुंड्याची आठवण नको. काल सुनेला ग्लासातल्या पाण्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मलाही कडूच लागतंय. आत्यांना बोलवा." तर गुरुवारच्या आत ये. इथे लिफ्ट आहे. धीर द्यायला येऊ नकोस, तो देणारे इथे पुष्कळ आहेत. बाकावर सुनेच्या आणि माझ्या मधे बस, पाणी पी, आणि कसं लागतं ते खरं सांग.