नऊ दहाचा मंगळ

वृंदावन योजना, लखनौ
१६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,

कसे आहात? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सुबोधदादाजवळ सांगा, मी पाठवते. इथे थंडी सुरू झाली. सब्जीवाले भैया मटार घेऊन येतात आणि अजून विचारतात, "डॉक्टर साहब कब आएँगे?" मी म्हणते, साताऱ्यात रमलेत. माझ्या लॅबमध्ये सगळं ठीक.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर मला रडू आलं असतं, आणि मला रडायचं नाहीये.

पुण्याच्या अमोघचं स्थळ चांगलं आहे, मान्य. तुम्ही तयार केलेला बायोडाटा दादाने पाठवला. फोटो बरा निवडलात. जन्मवेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं लिहिलीत.

बाबा, तीन वर्षांपूर्वी देवदत्तसाठी पत्रिका केली, तेव्हा ती सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं होती. ती पत्रिका माझ्या कपाटात आहे. आधी वाटलं, वय झालं, विसरले असतील. आई असती तर तिलाच विचारलं असतं. म्हणून ती पत्रिका करणाऱ्या पंढरीनाथ गुरुजींना फोन लावला. सरळ माणूस बिचारा! म्हणाले, "अगं, साहेबांनी आधी चार दहाच दिली होती. अठ्ठावीस गुण जुळले, मंगळ नव्हता, मी पेढे मागितले. मग त्यांनी विचारलं, मंगळ आठव्या घरात यायला वेळ कुठली लागते? मला वाटलं, साहेबांना शास्त्राची गोडी लागली. आठवड्याने म्हणाले, वेळ चुकली, नऊ दहा धरा."

तुम्ही! "मंगळावर यान पोचलं आणि हे लोक अजून त्याला पत्रिकेत शोधतायत," म्हणून पाहुण्यांसमोर हसणारे तुम्ही!

देवदत्त पहिल्यांदा घरी आला, अमौसी विमानतळावर विमानांच्या देखभालीचं काम करतो म्हणाला, तेव्हा किती खूश होतात. मग आडनाव विचारलंत, आणि चहा तसाच ठेवून उठलात. जात आडवी येतेय म्हणायची लाज वाटली ना? चारचौघांत पुरोगामी म्हणून मिरवता. म्हणून ते ग्रहांकडून वदवलंत. तुमच्याशी मी भांडले असते, बाबा. जिंकलेही असते. ग्रहांशी कशी भांडणार होते?

नवऱ्याच्या जिवाला धोका, असं लिहून आलं होतं. माझा विश्वास नव्हता, पण त्याच्या जिवाशी जुगार कसा खेळू? तो म्हणाला, "मरू तेव्हा मरू यार, आधी लग्न तर करू." मी नाही म्हटलं. त्याने जगावं म्हणून नाही म्हटलं. "पीएचडी करून एका कागदाला घाबरलीस," एवढंच बोलून तो गेला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

सात महिन्यांनी इथेच सरोजिनी नगरजवळ ट्रकने त्याची बाईक उडवली. तुम्ही आलात, माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, म्हणालात, "विधिलिखित टळत नाही, बाळा." तुमचा हात धरून मी ढसाढसा रडले. तेव्हापासून मला वाटत आलं की माझ्याच ग्रहांनी त्याला खाल्लं, लग्न न होताही. मी वाळत चालले होते, ते तुम्हाला दिसत होतं. एका वाक्यात मला सोडवता आलं असतं. तुम्ही गप्प राहिलात.

ट्रक काही तुम्ही पाठवला नव्हता, एवढं मलाही कळतं. त्याला नशीब म्हणा हवं तर. पण मरताना तो मला भित्री समजत होता, ही नशिबाची करणी नाही. ही तुमची.

अमोघच्या घरी नकार कळवा. कारण तुम्हीच शोधा, तुम्हाला जमतं.

आणखी एक. देवदत्तच्या आई नांदेडला असतात. तो गेला तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, माझ्या लेकरात काय खोट होती गं?" पत्रिका जमली नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, देवाची मर्जी म्हणाल्या. काल त्यांना फोन करून खरं ते सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा नंबर दे."

मी दिलाय. फोन उचला, बाबा.

तुमचीच मुलगी,
मुक्ता